जुन्या चर्चच्या खिडक्या: काढायच्या की राखायच्या?

मोगरा_नाशिक

नमस्कार. आमच्या चर्चच्या खिडक्यांवरून गेल्या पावसाळ्यापासून वाद पेटलाय, म्हणून हा धागा. चर्चचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाशिककरांनी ओळखलं तर ओळखू द्या, पण इथे लिहू नका. मला अजून तिथेच क्वायरमध्ये गायचंय.

काळ्या दगडाची, इंग्रजांच्या काळातली इमारत. दोन्ही बाजूंना उंच, टोकदार कमानींच्या खिडक्या. सागवानी चौकटी आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या शंकरपाळ्यांच्या आकाराच्या काचा, फिकट हिरव्या आणि मधाच्या रंगाच्या. वेदीमागे चित्राची एकच खिडकी आहे. उत्तम मेंढपाळ, खांद्यावर कोकरू, खाली कुणा मड्डमेच्या स्मरणार्थ इंग्रजीत दोन ओळी. मेंढपाळाचा चेहरा पुसट होत चाललाय, डोळे तर गेलेच.

अडचणी खऱ्या आहेत. पश्चिमेचा पाऊस आत येतो, बाकं भिजतात. दोन खिडक्यांच्या जाळीला आतल्या बाजूने पोट आलंय. चौकटीच्या खालच्या लाकडाला बोट लावलं की भुसा पडतो. कबुतरं आहेतच.

ठेकेदाराने अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांचं कोटेशन दिलंय. "जुनं लाकूड आणि काच मी घेऊन जातो, बिलातून वजा करतो" असंही म्हणाला. कमिटीत बहुतेकांना पटलंय. पाळकसाहेब मधल्यामध्ये अडकलेत.

कुणी अशा खिडक्या दुरुस्त करून घेतल्यात का? कुणाकडून? आणि मुळात राखाव्यात का, तेही मोकळेपणी लिहा.

गंगापूररोडकर

"जुनं लाकूड मी घेऊन जातो." इथपर्यंत वाचलं आणि माझं मत झालं. देऊ नका.

रंधा_पटाशी

वरच्यांना जोरदार अनुमोदन. मी फर्निचरच्या धंद्यात आहे. पंचवटीतले, जुन्या नाशकातले वाडे पडायला लागले तेव्हापासून जुन्या सागवानाचा बाजार बघतोय. त्या काळच्या चौकटी बहुतेक ब्रह्मदेशी सागाच्या असतात. सावकाश वाढलेलं झाड, दाट रेषा, अंगचं तेल. आज वखारीत नवा साग म्हणून जे मिळतं त्याच्याशी तुलनाच नाही. तुमचा ठेकेदार "वजा करतो" म्हणतोय ती रक्कम आणि तो माल पुढे ज्या भावाला विकेल ती रक्कम, दोन्ही शेजारी ठेवून बघा. मग कळेल कोण कुणावर उपकार करतंय.

खालच्या लाकडाचा भुसा होतो हे अगदी नेहमीचं. पाणी खाली साचतं, उभ्या लाकडांची टोकं ते शोषून घेतात, सांधा कुजतो. वरचा सगळा भाग टणटणीत असतो. इलाज असा: कुजलेला भाग करवतीने तिरका कापून काढायचा, जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा, रेषा जुळवून. वाड्यांच्या लाकडाचे तुकडे त्यासाठीच जपून ठेवावेत. लोखंडी खिळा अजिबात नको, पितळी स्क्रू. आणि खालच्या आडव्या लाकडाला बाहेरच्या बाजूला उतार आहे का बघा. बरेचदा रंगाचे थर चढून चढून तो उतार आणि पाणी निथळायची खाच बुजलेली असते.

एक काम आजच करा. खिडकीच्या खालच्या बाजूला पाणी जायला बारीक भोकं असतील, ती खराट्याच्या काडीने मोकळी करा. पैसे शून्य.

निवृत्त_प्रेसवाला

मोगरा, तू कोण ते मला कळलं. असू दे.

मीही त्याच मंडळीचा, आणि कमिटीतही आहे. नोटप्रेसमधून निवृत्त झाल्यापासून चर्चचे हिशेब मीच बघतो, तेव्हा दुसरी बाजूही येऊ द्या. पावसाळ्यात पश्चिमेकडच्या बाकांवर कुणी बसत नाही. गेल्या वर्षी एक आजी ओल्या फरशीवरून घसरल्या, नशिबाने थोडक्यात निभावलं. छपराची कौलं बदलायची आहेत, वायरिंग जुनं आहे. वर्गणी देणारी घरं तीच ती. तरुण पोरं पुण्याला नाहीतर दुबईला. अशात "हेरिटेज, हेरिटेज" म्हणणाऱ्यांतले किती जण रविवारी भक्तीला दिसतात?

चर्च म्हणजे दगड आणि काच नव्हे, चर्च म्हणजे मंडळी. आम्ही म्युझियम चालवत नाही. अॅल्युमिनियमला रंग नको, वाळवी नको, सरकवलं की वारा. मला त्यात पाप दिसत नाही.

झणझणीत_रस्सा

काका, बॅटिंग जोरात. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चौकट

मी वास्तुविशारद, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. प्रेसवाले काकांचे मुद्दे उडवून लावण्यासारखे नाहीत. पण त्यांनी सांगितलेल्या अडचणींपैकी काचेमुळे आलेली एकही नाही. पाणी लाकडातून येतंय, सांध्यांतून येतंय, दगड आणि चौकटीमधल्या फटीतून येतंय. ती फट बुजवायला मागे कधी सिमेंट भरलं असेल तर तिथूनच सुरुवात करा. सिमेंट कडक, दगड आणि लाकूड हलणारं. वर्षभरात केसाएवढी भेग पडते, पाणी आत जातं आणि सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. त्या फटीत चुना भरला तर तो ओल श्वासासारखी बाहेर सोडतो.

दुसरं, शिशाच्या जाळीला मागून आधार देणारे आडवे लोखंडी गज असतात, तांब्याच्या तारेने जाळीला बांधलेले. बहुतेक ठिकाणी ह्या तारा तुटलेल्या असतात. मोगरा, तुमच्या पोट आलेल्या खिडक्यांना शंभर टक्के तेच झालं असणार. आधार सुटला की शिसं स्वतःच्या वजनाने आणि उन्हाने वाकतं. शिसं मऊ, नाशिकचं ऊन मे महिन्यात चाळिशीच्या घरात, रात्री थंड; रोज फुगायचं, रोज आकसायचं.

गजांची टोकं दगडात रोवलेली असतात ती गंजली की फुगतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, काळा बेसाल्टही त्यापुढे फुटतो. खिडकीच्या कडेच्या दगडाला गजाच्या जागेपासून निघालेल्या चिरा आहेत का बघून सांगा.

मोगरा_नाशिक

चौकटताई, आज भक्तीनंतर शिडी लावून बघितलं. तारा तुटल्यात, नुसत्या लोंबतायत. एक गज तर कुणीतरी कापूनच नेलाय! दगडाला दोन ठिकाणी चिरा आहेत, बरोबर गजाच्या टोकापाशी. आणि फटीत सिमेंटच आहे. वर एम-सील.

गंगापूररोडकर

गज कापून नेला म्हणजे कुणाच्या तरी तुळशीवृंदावनाला आधार मिळाला.

शंकेखोर

एक बेसिक शंका. काच म्हणे प्रत्यक्षात द्रव असते, शेकडो वर्षांत खाली ओघळते, म्हणून जुन्या चर्चमधल्या काचा खालच्या बाजूला जाड असतात. तसं असेल तर ह्या खिडक्या कधी ना कधी जाणारच की.

काचकाम

नाही हो. ही दंतकथा आहे. नेहमीच्या तापमानाला काच ओघळत नाही. जुनी काच फुंकून, फिरवून किंवा नळकांडं करून ते उलगडून सपाट करत, त्यामुळे जाडी सारखी नसायची. बसवणारा जाड कड बऱ्याचदा खाली ठेवायचा, बस. जाड कड वर असलेल्या काचाही सापडतात, त्या काय वर ओघळल्या?

मी रंगीत काचेचंच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर. मोगराताईंच्या चर्चमध्ये दोन वेगळी प्रकरणं आहेत.

बाजूच्या खिडक्यांत साधी रंगीत काच. रंग काचेच्या अंगातच असतो, वितळवताना घातलेल्या धातूंच्या क्षारांमुळे. त्यावर चित्र नाही. ह्या काचा स्वच्छ करणं, शिसं बदलणं तुलनेने सरळ. शिशाची पट्टी इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची असते, दोन बाजूंच्या खाचांत काच. सांध्यावर कथील-शिशाचा डाग (सोल्डर). मग जवसाचं तेल, खडूची पूड आणि थोडी काजळी मळून ते काच आणि पट्टीमधल्या फटीत ब्रशने दाबून भरायचं. पाणी अडतं ते ह्या भरणीमुळे. शंभर-सव्वाशे वर्षांत ती वाळून निघून गेलेली असते, आणि लोक म्हणतात "काच गळते".

वेदीमागची खिडकी हे वेगळं प्रकरण. तिथे काचेची बारीक पूड आणि लोखंडाचा किंवा तांब्याचा ऑक्साइड मिसळून रेषा काढलेल्या असतात आणि काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर भाजलेली असते. पिवळा रंग दिसतो तो चांदीच्या क्षारांचा. चेहरा पुसट झालाय म्हणजे हा भाजलेला थर निघतोय. कृपा करून त्याला हात लावू नका. ना साबण, ना अमोनियाचा स्प्रे, ना वर्तमानपत्राचा बोळा.

निवृत्त_प्रेसवाला

चेहरा कसा गेला ते मी सांगतो. नाताळच्या आधी साफसफाईला तरुण संघाची पोरं असायची, तारेची घासणी आणि पावडर घेऊन. माझ्या डोळ्यांदेखत. तेव्हा कुणाला कळत होतं?

काचकाम

काका, पोरांनी भर घातली असेल, पण सगळं पाप त्यांच्या माथी नको. १८७० च्या आसपास इंग्लंडमधल्या काही कारखान्यांनी रंगात टाकणखार (बोरॅक्स) मिसळायला सुरुवात केली. त्याने कमी तापमानाला रंग भाजला जायचा, सोपं पडायचं. पण टाकणखार ओलाव्याला टिकत नाही. तिकडच्या कित्येक चर्चमध्ये संतांचे चेहरे असेच गेलेत, कुणीही न घासता. तुमची खिडकी त्या सुमाराची असेल तर मेंढपाळाचे डोळे पावसानेच नेले असण्याची शक्यता जास्त.

मोगरा_नाशिक

खालच्या ओळीत १८८१ आहे!

झणझणीत_रस्सा

तरुण संघ निर्दोष मुक्त. पेढे वाटा.

यॉर्कशायरचा_वऱ्हाडी

अकोल्याचा आहे, नोकरीमुळे इकडे इंग्लंडात. यॉर्क मिन्स्टरची (इथलं मोठं कॅथेड्रल) पूर्वेची मोठी खिडकी मी रिकामी असतानाही बघितली आणि काचा परत लागल्यावरही. जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ मध्ये केलेली. तिची तीनशे अकरा पॅनेल उतरवून, एकेक साफ करून, शिसं नवं करून २०१८ मध्ये काम पुरं झालं. दहा वर्षं लागली. परत बसवताना बाहेरून दुसरी संरक्षक काच लावली, अतिनील किरण अडवणारी, आणि दोन काचांमध्ये हवा खेळती ठेवली. मूळ काच आता पाऊस झेलतच नाही.

नाशिकला एवढा थाट नको, मान्य. पण "बाहेर साधी काच, मध्ये हवा, आत जुनी काच" हे सूत्र तुमच्या कमिटीला चालेल. पाऊस आत येणार नाही. तोच तर काकांचा मुद्दा ना?

इकडे जुन्या चर्चमध्ये कमिटीला वाटलं म्हणून खिडकी काढता येत नाही, धर्मप्रांताच्या न्यायाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारती राखायची संस्था काढली ती "जीर्णोद्धार" ह्या नावाखाली चाललेली खरवडपट्टी थांबवायला. म्हणजे भांडण जुनंच आहे, काका.

वसईची_माय

आमच्याकडे एका जुन्या चर्चने (नाव घेत नाही) बाहेरून पॉलिकार्बोनेटचे पत्रे ठोकले होते. सुरुवातीला सगळे खूश. थोड्याच वर्षांत पत्रे पिवळे पडले, ओरखड्यांनी धुरकट झाले. मध्ये हवा जायला जागाच ठेवली नव्हती, आत ओल धरली, शिशावर पांढरा थर आला. मिस्साला बसलं की वाटायचं, बाहेर कायम संध्याकाळ आहे. शेवटी काढले. म्हणून वऱ्हाडीभाऊंचं "मध्ये हवा" तेवढं ठळक करून कमिटीला दाखवा.

द्राक्षबाग

मी दिंडोरीकडचा. गारपिटीचा विचार केलाय का कुणी? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारा ज्याने बघितल्या त्याला जुन्या काचेचं काय होईल ते सांगावं लागणार नाही. आमच्या बागा झोपल्या होत्या. बाहेरची काच लावाच, आणि टफन्ड लावा.

इतिहासाचा_किडा

अवांतर, पण नाशिकचा आणि चर्चचा विषय निघाला म्हणून राहवत नाही.

चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइसने १८५० च्या दशकात शरणपूर वसवलं. अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराने गुलामांची जहाजं पकडली की त्यांतली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत, त्यांतली बरीच इथे शरणपूरला येत. सुतारकाम, लोहारकाम, अक्षरओळख शिकत. १८६५ मध्ये आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन स्वतः नाशिकला आला आणि शेवटच्या सफरीसाठी इथून नऊ मुलं घेऊन गेला. पुढे नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट त्याच्या मदतीला गेलेल्या तुकडीत होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचं हृदय जिथे पुरलं तिथल्या झाडावर नाव-तारीख कोरली ती ह्याच जेकबने. मग ते शव किनाऱ्यापर्यंत आणि तिथून इंग्लंडला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता.

शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, किती जणांना हे माहीत आहे? त्या काळातली वस्तू उरलीय ती दगड, लाकूड आणि काचेच्या रूपातच. ती अॅल्युमिनियमच्या बिलातून वजा करून द्यायची?

गंगापूररोडकर

किड्याभाऊ, स्वतंत्र धागा काढा. शरणपूर रोडला मी फक्त सिग्नल मोजायचो.

निवृत्त_प्रेसवाला

इतिहास मला शिकवू नका, माझ्या पणजीचा बाप्तिस्मा ह्याच मिशनमध्ये झालाय. इतिहासाबद्दल प्रेम आहेच. प्रश्न पैशाचा आणि भिजणाऱ्या बाकांचा आहे. जवसाचं तेल, चांदीचे क्षार, सगळं ऐकलं. हे करणार कोण? मुंबईचा माणूस येणार, हॉटेलात राहणार, काच घेऊन जाणार, परत कधी आणणार? कायदा काय म्हणतो तेही कुणी सांगितलं नाही.

चौकट

काका, कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षं जुनं म्हणून आपोआप संरक्षित, असं काही नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली जाहीर झालेली स्मारकं संरक्षित असतात, तुमचं चर्च त्यात नसेल तर ते कलम लागू नाही. महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, ते नगररचना विभागात विचारा. असेल तर परवानगीशिवाय खिडकी बदलता येणार नाही.

ठेकेदाराला काच द्यायची म्हणता, तिथे मात्र थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांपुढच्या कलाकृती येतात, इमारतीतून सुट्या केलेल्या वस्तूही. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. १८८१ ची चित्रखिडकी भंगारात घालायची वस्तू नव्हे. वकिलाचं मत घ्या, पण तोवर टेम्पो आत येऊ देऊ नका.

आणि हे काम आपल्याकडे होत नाही असंही नाही. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरच्या रंगीत काचा दुरुस्त झाल्यात. फोर्टातलं १८८४ चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग २०१९ मध्ये दुरुस्त होऊन उघडलं, तिथल्या काचा जाऊन बघा. कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ चं, त्याच्या काचा विल्यम वेल्सच्या कारखान्यातल्या. कमिटीतल्या चार जणांनी पंचवटी एक्सप्रेस पकडावी आणि एका दिवसात तिन्ही बघून यावं. हजार शब्दांनी होत नाही ते होईल.

तांबट_आळी

नाशकात माणूस नाही असं कसं म्हणता? आमच्या आळीत पिढ्यानपिढ्या तांब्या-पितळेला डाग देतात. शिशाला डाग देणं आम्हाला जड नाही. नवसागर, कथील, दिवा. काम संपलं.

काचकाम

दादा, तुमच्या हाताला सलाम, पण तीच पद्धत जशीच्या तशी इथे नको. कल्हईला नवसागर ठीक, शिशाच्या पट्टीवर त्याचा अंश राहिला तर तो पट्टी खातो. इथे मेणबत्तीच्या स्टिअरिनसारखं सौम्य काहीतरी लावतात. ज्योत तर नकोच. शिसं ३२७ अंशांना वितळतं, आणि डागाचं कथील-शिसं दोनशेच्या आतबाहेर. मधलं अंतर थोडं. ज्योत जरा जास्त वेळ राहिली की डागाबरोबर पट्टीही खाली, वर काच तडकणार ती वेगळी. तापवलेल्या डागाच्या इस्त्रीने (सोल्डरिंग आयर्नने) टेकवून लगेच उचलायचं असतं.

पण तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. ज्याच्या हाताला डाग देण्याची सवय आहे त्याला हे आठवड्याभरात शिकवता येईल. मुंबईहून एक जाणकार आला, त्याने पहिली खिडकी तुमच्या दोन माणसांना बरोबर घेऊन केली, तर पुढच्या बाजूच्या खिडक्या नाशकातच होतील. वेदीमागची तेवढी जाणकारानेच करावी. आणि शिशाचं काम करताना मास्क, हातमोजे, जेवणाआधी हात धुणं. शिसं विषारी असतं, चर्चमध्ये पोरंबाळं येतात, कचरा वेगळा उचला.

तांबट_आळी

हे पटलं. इस्त्री आहे आमच्याकडे. कधी शिकवता बोला.

स्लायडिंगवाला

मी खिडक्यांचाच धंदा करतो, सगळे मलाच शिव्या घालताय असं वाटतंय. :) प्रामाणिकपणे सांगतो. टोकदार कमानीत स्लायडिंग बसतच नाही. वरची कमान फिक्स काचेने किंवा शीटने बंद करतात आणि खालच्या चौकोनात स्लायडिंग. म्हणजे वारा अर्ध्याच भागातून. मोगराताई, तुमच्या जुन्या खिडकीत वरच्या टोकाला आणि खाली उघडणारी झडपं असतील. गरम हवा वरून बाहेर, गार खालून आत. ती रंगाने बुजलेली असतील. ती उघडलीत तर माझ्या स्लायडिंगपेक्षा जास्त वारा येईल. आता मला असोसिएशनमधून काढणार.

मोगरा_नाशिक

बरोबर ओळखलंत. वरच्या टोकाला झडप आहे आणि तिच्यावर ऑइलपेंटचे इतके थर आहेत की मला ती कोरीव नक्षी वाटायची.

मिसळपंथी

धाग्याला सात दिवस झाले आणि कुणी मिसळीचा उल्लेख केला नाही? नाशिकचा धागा आहे ना हा?

झणझणीत_रस्सा

मी काय मग उगीच हजेरी लावली का?

रंधा_पटाशी

मोगरा, ऑइलपेंट काढायला हीट गन शिशाजवळ नेऊ नका. आणि पेंट जुना असेल तर त्यातही शिसं असतं, घासून धूळ उडवू नका. ओला करून पात्याने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. बिजागऱ्या पितळी निघतील, टाकून देऊ नका. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवल्या की मोकळ्या होतात.

चौकट

कमिटीपुढे मांडायला माझा क्रम देते. आधी प्रत्येक खिडकीचे आतून-बाहेरून फोटो, प्रत्येक पॅनेलला नंबर, शिशाच्या जाळीवर कागद ठेवून पेन्सिलने घासलेली नक्कल. हे तरुण संघ करू शकतो, घासणीशिवाय. मग पावसाच्या आत सिमेंट काढून चुना, तांब्याच्या तारा परत बांधणं, निथळायची भोकं मोकळी, छपराचं पाणी खिडकीवर पडतंय का ते बघणं. एवढ्यानेच निम्मी गळती थांबेल. गजांच्या टोकांचं काम त्यानंतर, कारण त्याला दगड उघडावा लागतो. नवे गज स्टेनलेसचे, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कुणीही कापून देईल. पोट आलेल्या दोन खिडक्या सगळ्यात शेवटी खाली उतरवायच्या. ज्या धड उभ्या आहेत त्या "सगळ्या एकदमच करून टाकू" म्हणून उतरवू नका. उतरवताना जितकं मोडतं तितकं उभ्या उभ्या मोडत नाही.

आणि मेंढपाळाचा चेहरा नव्याने रंगवायचा मोह टाळा. जाणकार मागे वेगळी पातळ काच लावून त्यावर रेषा काढून देतात, मूळ काच जशीच्या तशी राहते. तेही मंडळीला हवं असेल तरच.

निवृत्त_प्रेसवाला

काल कमिटीची बैठक झाली. मोगराने धाग्याच्या प्रिंट काढून वाटल्या, माझ्या सगळ्या प्रतिसादांसकट, त्यामुळे माझी गंमत झाली ती झाली. पाळकसाहेब तर स्लायडिंगवाल्याचा प्रतिसाद वाचून हसतच सुटले.

ठरलं ते असं. ठेकेदाराला सध्या थांबा सांगितलंय. पश्चिमेकडची पोट आलेली एक खिडकी आधी. चुना, तारा, भोकं सगळ्या खिडक्यांना पावसाआधी, कारण त्याला पैसे लागत नाहीत म्हणता. बाहेरच्या काचेचं दोन ठिकाणांहून अंदाजपत्रक, मध्ये हवेची फट लिहून मागितलीय. ह्या एका खिडकीतून पुढचा पावसाळाभर पाणी आलं नाही तर बाकीच्यांचं बघू. आलं, तर मी अॅल्युमिनियमचा ठराव परत मांडणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

दात्याच्या नावाची पाटी काचेवर लावायची मागणी एकाने केली होती. ती मी स्वतः हाणून पाडली.

गंगापूररोडकर

काकांसाठी टाळ्या. पाटीसाठी विशेष.

तांबट_आळी

एका खिडकीला आमच्या दोन पोरांना घ्या. मजुरी नको, शिकायचंय.

निवृत्त_प्रेसवाला

मजुरी देऊ. फुकट काम चर्चला परवडत नाही, नंतर महाग पडतं.

पण मंडळी, एवढ्या प्रतिसादांत कबुतरांचं काय करायचं ते अजून एकानेही सांगितलेलं नाही.

रंधा_पटाशी

नायलॉनची जाळी, बाहेरच्या बाजूला, दगडाच्या सांध्यात हूक मारून. लाकडात खिळा ठोकायचा नाही आणि शिशाला तर काहीच बांधायचं नाही. दर वर्षी पावसाआधी जाळी काढून कमानीतली विष्ठा साफ करा, ती ओलसर राहिली की चुना आणि शिसं दोन्ही खाते.